चष्म्याची काच कापणारं मशीन बिघडतं तेव्हा

चष्म्याचा नंबर काढून झाला, फ्रेम पसंत पडली, की गिऱ्हाईक पावती घेऊन घरी जातं आणि दोन-चार दिवसांनी तयार चष्मा न्यायला येतं. मधे काय घडतं ते त्याला कुणी सांगत नाही. दुकानात येणारी काच गोल असते, साधारण 65 किंवा 70 मिलिमीटर व्यासाची. तिला फ्रेमचा आकार द्यायचा, कडेला व्ही आकाराची धार काढायची, मग ती फ्रेमच्या खाचेत बसवायची. हे कापण्याचं काम एजिंग मशीन करतं. सोलापूर, धाराशिव, लातूर या भागातल्या दुकानांमधली ही मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा. मशीनची चूक पुष्कळदा दुकानदाराच्या लक्षात येत नाही आणि चष्मा घालणाऱ्याचं डोकं मात्र दुखत राहतं. म्हणून हा विषय दुकानाच्या मागच्या खोलीतच राहू नये असं मला वाटतं.

मशीन चालतं ते असं. आधी ट्रेसरची बारीक सळई फ्रेमच्या खाचेतून फिरून आकार मोजते. मग काचेवर, डोळ्याच्या बाहुलीसमोर यायच्या बिंदूचा हिशेब धरून, दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या पॅडने एक छोटा ब्लॉक चिकटवतात. ब्लॉक मशीनच्या एका दांड्यात बसतो, समोरचा दांडा रबरी टोकाने काच दाबून धरतो. दोन टोकं काचेच्या पुढच्या-मागच्या बाजूला टेकून तिची गोलाई मोजतात. त्यानंतर काच हिऱ्याचे कण बसवलेल्या चाकावर येते. खऱ्या काचेसाठी चाक वेगळं, प्लास्टिकसाठी वेगळं, धारेचं वेगळं, पॉलिशचं वेगळं. घासताना वरून पाण्याची धार पडत असते.

मला येणारा फोन बहुतेक वेळा एकाच पद्धतीचा असतो. ‘दादा, बोर्ड गेला वाटतं. काच वाकडी निघायलीय.’ बोर्डाची भीती खरी आहे, कारण तो महाग असतो. पण मी बोर्डाकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी विचारतो, चूक दरवेळी सारखीच येते का? प्रत्येक काच तेवढीच मोठी निघत असेल तर बहुधा चाक झिजलंय किंवा मापाचं सेटिंग सरकलंय. मशीनच्या चाचणी लेन्सवर कॅलिब्रेशन केलं की ते जागेवर येतं. एक काच मोठी, दुसरी लहान, तिसरी बरोबर असं होत असेल तर काहीतरी सैल आहे: दांड्याचा बेअरिंग, पट्टा, नाहीतर मोजणाऱ्या टोकावर सुकून बसलेला गाळ. हा गाळ ओल्या ब्रशने काढल्यावर ‘बिघडलेलं’ मशीन सरळ चालू लागलेलं मी खूपदा पाहिलंय.

वाकडी काच म्हणजे ॲक्सिस फिरलेली काच, आणि हा दोष मला सगळ्यात गंभीर वाटतो. ज्यांना सिलिंडर नंबर असतो त्यांच्या कागदावर 0 ते 180 मधला एक कोन लिहिलेला असतो, तोच ॲक्सिस. काच त्याच कोनात बसायला हवी. सिलिंडर 2 नंबरचा असेल आणि काच फक्त 5 अंश फिरली, तर सुमारे 0.35 डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर याच एककात असतो) चूक शिल्लक राहते. 30 अंश फिरली तर चूक पूर्ण 2 डायॉप्टरची होते. म्हणजे सिलिंडर दुरुस्त करायला गेलो आणि तेवढीच नवी चूक डोळ्यांपुढे आणून ठेवली. अमेरिकेच्या मानकात दीडच्या वरच्या सिलिंडरला 2 अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही, तो यासाठीच.

काच फिरते कशी, हे शोधायची युक्ती साधी आहे. कापण्याआधी काचेवर पेनाने ब्लॉकच्या खुणेला जुळवून एक आडवी रेघ मारायची. कापल्यावर ब्लॉक न काढता बघायचं. रेघ ब्लॉकच्या तुलनेत सरकली असेल तर काच पॅडवर घसरली. रेघ जागच्या जागी आहे आणि तरी ॲक्सिस चुकतोय, तर दोष ब्लॉक लावण्यात किंवा मशीनच्या कॅलिब्रेशनमध्ये.

हल्ली घसरण्याचं प्रमाण वाढलंय, आणि त्याचं कारण काचेवरच असतं. पाण्याचे थेंब, बोटांचे ठसे टिकू नयेत म्हणून नव्या काचांवर एक निसरडा थर देतात. गिऱ्हाइकाला तो आवडतो, पण पॅडला तो धरता येत नाही. अशा काचेवर आधी न घसरणारी पातळ फिल्म लावायची, मग ब्लॉक. पॅड दरवेळी नवा. पैसे वाचवायला तोच पॅड पुन्हा वापरणाऱ्यांवर मी चिडतो आणि ते तोंडावर बोलून दाखवतो. दाब वाढवणं हाही उपाय नव्हे, त्याने कोटिंगला तडे जातात. मागच्या दांड्याचं रबर गुळगुळीत झालं असेल तर ते बदलायचं. ते फार महाग नसतं.

दुसरा मोठा शत्रू पाणी, आणि आमच्या भागात तर जास्तच. बोअरचं पाणी जड असतं. नोझलमध्ये क्षार साठतात, धार बारीक होते, चाक तापतं, प्लास्टिक वितळून हिऱ्याच्या कणांवर चढतं. मग चाक कापत नाही, नुसतं रगडतं, आणि आवाज बदलतो. तो आवाज ओळखायला कान पुरतो. नोझल काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवलं की क्षार सुटतात. चाकावर त्याच्याच प्रतीची ड्रेसिंग स्टिक, म्हणजे चाक साफ करायची कांडी, ओली करून हलक्या हाताने लावायची. पॉलिशच्या चाकाला खरबरीत स्टिक कधीच नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा टाकीतलं एकच पाणी फिरवत राहणं दुकानदारांना भागच होतं. गाळ तळाशी बसू दिला, वरचं पाणी फडक्यातून गाळून घेतलं, तरी काम निभतं. तोच गाळ पंपात गेला की पंप जाम होतो आणि काचेवर ओरखडे येतात. हा गाळ गटारात सोडू नये, सुकवून कचऱ्यात द्यावा.

काही वेळा मशीन चांगलं असतं आणि बटण चुकीचं दाबलेलं असतं. पॉलिकार्बोनेट हे नरम, चिवट प्लास्टिक. त्याचं पहिलं कापणं कोरडं करतात, पाणी नंतर. ते साध्या प्लास्टिकच्या सेटिंगवर घेतलं की कडेला चिकट दोरे लोंबतात. पातळ, जास्त इंडेक्सची काच कापताना गंधकासारखा वास येतो, तो बिघाड नाही, तिच्या रसायनाचा आहे.

विजेचं थोडक्यात सांगतो. मशीनमध्ये पाणी आणि वीज शेजारी नांदतात, म्हणून अर्थिंग तपासल्याशिवाय आणि प्लग काढल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नाही. दुकानातल्या पोरांनाही तेच सांगतो.

शेवटी तुमच्यासाठी, म्हणजे चष्मा घालणाऱ्यांसाठी. मशीन नीट असलं तरी ब्लॉक चुकीच्या जागी लागला तर काचेचा मध्य बाहुलीसमोर येत नाही. उणे 6 नंबरच्या काचेत 4 मिलिमीटर चुकलं तर 2.4 प्रिझम डायॉप्टर इतकी ओढ एका डोळ्यावर पडते. नव्या चष्म्याने आठवडाभर डोकं दुखत राहिलं तर ‘सवय होईल’ म्हणून गप्प बसू नका. चष्मा घेतानाच काउंटरवर सांगा: लेन्सोमीटरवर (नंबर मोजायच्या यंत्रावर) लावा आणि नंबर, ॲक्सिस, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) माझ्या कागदाशी ताडून दाखवा. दोन-चार मिनिटांचं काम आहे, आणि ते करून दाखवायला चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. लहान मुलाचा चष्मा असेल तर हे मागितल्याशिवाय दुकानातून उठू नका, कारण मुलाला काय चुकतंय ते सांगता येत नाही.