चला, आगगाडीने मनमाडला!

सुप्याला रेल्वे नाही. गाव नगर-पुणे रस्त्यावरचे. त्यामुळे आमच्या मुलांना ट्रक, कंटेनर आणि एस.टी. रोज दिसतात, पण आगगाडी पाहायची तर नगरच गाठावे लागते. एम.आय.डी.सी.त राबणाऱ्या आई-वडिलांजवळ मुले सुट्टीच्या दिवशी हट्ट धरतात : “आम्हाला आगगाडीत बसवा!” हा हट्ट एका दिवसात आणि बेताच्या खर्चात पुरवता येतो. त्यासाठी लांब मुंबईला जायला नको. आम्ही सुचवतो, मनमाडला चला.

सुप्याहून सकाळची एस.टी. धरून नगर (आता अहिल्यानगर) स्टेशनवर यावे. तिथून मनमाड सुमारे दीडशे किलोमीटर. गाड्यांच्या वेळा बदलतात, म्हणून येण्या-जाण्याच्या दोन्ही गाड्या आदल्या दिवशीच विचारून ठेवाव्यात. साध्या डब्याचे तिकीट पुरेसे आहे.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. एका टोकाला दौंड, दुसऱ्या टोकाला मनमाड. मुंबईहून निघालेल्या दोन मोठ्या मार्गांना जोडणारा हा दुवा. त्याआधी १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. पोटासाठी दुष्काळी कामावर आलेल्या मजुरांनी या मार्गाचा मातीचा भराव टाकला. खिडकीतून बाहेर पाहताना मुलांना हे जरूर सांगावे. रूळ इंजिनाने टाकलेले नाहीत, माणसांनी टाकलेले आहेत.

राहुरी गेली की उसाचे मळे लागतात. श्रीरामपूर शहराच्या स्टेशनाचे नाव मात्र बेलापूर! मुलांना हे कोडे घालावे. पुणतांब्यापुढे गोदावरीचा पूल येतो. येवला मागे पडले की अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसू लागतात. अंकाईला लेणीही आहेत. पुन्हा कधी सवड काढून ती पाहावीत.

मनमाड हे मोठे जंक्शन. मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार दिशांच्या गाड्या येथे येतात. फलाटावर एका बाजूला उभे राहून तासभर गाड्या पाहिल्या तरी मुलांचे मन भरत नाही. कुठली गाडी कुठून आली आणि कुठे निघाली, हे त्यांना वहीत लिहायला लावावे. भूगोलाचा धडा आपोआप होतो. रेल्वेच्या पुलांना लागणारे लोखंडी गर्डर येथील रेल्वे कारखान्यात तयार होतात. रूळ ओलांडू नयेत, पादचारी पुलावरूनच जावे.

जेवणाचे काय? भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घरून बांधून घ्यावी. प्रवासात बिघडत नाही आणि खिशालाही परवडते. पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात. फलाटावर चहा आणि वडापाव मिळतोच. मनमाडमध्ये शिखांचा प्रसिद्ध गुरुद्वारा आहे. तेथील लंगरमध्ये डोके झाकून पंगतीत बसावे. कोणी कोणाची जात विचारत नाही, जेवणाचे पैसे मागत नाही. जेवण झाल्यावर भांडी घासायला हात लावला तर अधिक बरे.

मनमाडला जाण्याचे आमच्या लेखी आणखी एक मोठे कारण आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी याच गावी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद परमपूज्य बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, ही व्यथा बाबासाहेबांनी तेथे मांडली. त्याला पोर्टरसुद्धा होता येत नसे. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत, आणि तिथे अस्पृश्याचा हात चालत नसे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तेथेच बजावले. आज रेल्वेत इंजिन चालवणारी, तिकीट तपासणारी आपली मुले-मुली दिसतात, त्यामागे हा लढा आहे.

परतताना वेळ असेल आणि गाडी थांबत असेल, तर येवल्याला उतरावे. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा याच गावची. तेथील मुक्तिभूमी स्मारक स्टेशनपासून रिक्षाने गाठता येते. मात्र पुढची गाडी आधी विचारून घ्यावी, नाहीतर लेकरांसह रात्र फलाटावर काढावी लागेल.

वाटेत रुळांच्या कडेला हातोडा घेऊन चालणारे कामगार दिसतील. आता त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात. उन्हापावसात ते रूळ तपासतात, म्हणून आपली गाडी सुखरूप पोहोचते. मुलांनी इंजिनाला हात हलवावा, आणि या माणसांनाही.