थंडी सुरू झाली की लासुर्ण्यात घरोघरी काय रांधायचं?

दिवाळी सरली की आपल्या भागाला दोन गोष्टींनी हिवाळा कळतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरच्या उसाची तोड सुरू होते आणि भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे गाड्या धावू लागतात. दुसरी गोष्ट घरातली: चुलीवर बाजरीची भाकरी येते.

पण खरी मजा हुरड्याची! रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरली, की साधारण तीन महिन्यांनी दाणा दुधाळ अवस्थेतून पुढे सरकून मऊ, हिरवा होतो. तेव्हा त्यात साखर जास्त असते. दाणा टणक होत जातो तसा तिचा स्टार्च बनतो. म्हणून हे थोडेच दिवस साधायचे. सुरती, गुळभेंडी हे हुरड्याचे जुने नावाजलेले वाण. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ खास हुरड्यासाठी दिले.

शेतात आगटी पेटवायला जमलं नाही तर घरीही होतो:
• गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजा, नाहीतर गॅसवर जाळी ठेवा. सतत फिरवत राहा.
• गरम असतानाच तळहातावर चोळा, सुपात पाखडा.
• शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ सोबत हवेच.

जानेवारीत भोगी येते. घेवडा, वांगी, गाजर, ओला हरभरा यांची तिळकूट घातलेली भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी. सगळं हंगामातलं, बरंचसं आपल्याच रानातलं.

यंदा पोरांना हुरडा स्वतःच्या हातांनी चोळू द्या. तुमच्याकडे हुरड्यासोबत कोणती चटणी असते, नक्की लिहा!