हातावरचं अत्तर घासू नका

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यजमानीण मनगटामागे मोगऱ्याचं अत्तर लावते. आपण लगेच हातावर हात घासून नाकाशी नेतो आणि निकाल देतो. अत्तराबद्दलचे बरेच गैरसमज या एवढ्याशा कृतीत आहेत.

लावल्याबरोबर येतो तोच खरा वास, हा त्यातला सगळ्यात मोठा. सुगंधात हलकी-जड अशी अनेक द्रव्यं असतात आणि ती एकाच वेळी उडत नाहीत. लिंबू-संत्र्याच्या जातीची आधी जातात, पाव-अर्ध्या तासात. मग मोगरा, गुलाब बोलू लागतात, ते काही तास. चंदनासारखं जड काही संध्याकाळपर्यंत उरतं. दुकानात आवडलेली कुपी घरी येऊन परकी वाटते ती यामुळेच. तेव्हा हाताला लावा, मेनरोडला एक चक्कर मारा, मग पैसे द्या. घासल्याने अत्तर ‘मरतं’ असंही म्हणतात. तेवढं काही होत नाही. उबेने पहिला टप्पा जरा घाईत उरकतो, इतकंच.

मोगरा म्हणजे निव्वळ गोडवा, असंही नाही. त्याच्या वासात इंडोल नावाचं द्रव्य असतं. तेच विष्ठेतही सापडतं! मोगऱ्यात ते अगदी थोडं असतं; पण ते वगळलेला मोगरा साबणासारखा पोकळ वाटतो.

आता आपला नाशिककरांचा लाडका समज. मुघल काळात हे गुलशनाबाद होतं, शेजारी दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीला गुलाब पिकतो, म्हणजे अत्तर इथलंच! पण पॉलिहाऊसमधला लांब दांड्याचा गुलाब फुलदाणीत टिकावा म्हणून निवडलेला. त्याला वास जेमतेम. अत्तराला लागतो दमास्क गुलाब. किलोभर तेलासाठी त्याच्या तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. भट्ट्या आहेत त्या उत्तर प्रदेशात, कनौजला.

उन्हाळ्यात जास्त लावावं लागतं, हेही उलटंच. उकाड्यात वास जोरात उठतो, थेंबभर पुरतो. कुपी मात्र गाडीत तापत ठेवू नये. बर्गमोट किंवा लिंबाचं कच्चं तेल त्वचेला लावून उन्हात जाऊ नये, चट्टे उठतात.

आणि वाळा. माठातल्या जुडीचा वास गार, म्हणून तो हलका असावा असं वाटतं. प्रत्यक्षात हे मुळांचं तेल चांगलंच जड. मोगऱ्याच्या जोडीला तो असेल, तर मोगरा गेल्यावर पदराला सकाळपर्यंत वाळाच उरलेला असतो.