‘आयी’ म्हणजे मावशी

बँकेच्या खिडकीपलीकडची मुलगी माझा पासपोर्ट तिसऱ्यांदा निरखत होती. आधी आडनाव, मग माझं नाव, त्याला लागून वडिलांचं नाव. शाळेच्या दाखल्यापासून आपण असंच लिहीत आलो. शांघायमध्ये मात्र बहुतेकांची नावं दोन-तीन अक्षरांत संपतात, आणि माझ्या नावाची रोमन अक्षरं भरली सव्वीस. तिने ती मधे जागा न सोडता एकाला एक चिकटवली, खातं उघडलं, कार्ड हातात दिलं. रात्री ते कार्ड फोनवरच्या वीचॅटला (गप्पा आणि पैसे, दोन्हींचं ॲप) जोडायला गेले, तर उत्तर आलं: नाव जुळत नाही. तिथे मी आधी स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि दोन ठिकाणी जागा सोडली होती. एवढा फरक निस्तरायला त्या शाखेत आणखी दोन खेटे घालावे लागले.

यात त्या मुलीचा दोष नव्हता. चीनमधल्या प्रत्येक नागरिकाला १८ आकडी ओळख क्रमांक असतो. पहिले सहा आकडे नोंदणीच्या जागेचे, पुढचे आठ जन्मतारखेचे, मग तीन क्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. सिमकार्ड, रेल्वेचं तिकीट, दवाखान्यातला नंबर, भाड्याची सायकल, सगळं या क्रमांकाभोवती बांधलेलं. २०२०च्या जनगणनेत चीनच्या मुख्य भूमीवर राहणारे परदेशी नागरिक ८,४५,६९७ भरले. देशाची लोकसंख्या तेव्हा १४१ कोटी होती. रकाने कोणाचं माप घेऊन शिवले असतील, हे वेगळं सांगायला नको. परदेशी माणसाकडे असतो पासपोर्ट, आणि नवा काढला की त्याचा क्रमांक बदलतो. मग बँक, फोन, नोकरीचा परवाना, सगळीकडे पुन्हा पहिल्यापासून. डिसेंबर २०२३पासून कायम वास्तव्याची परवानगी मिळालेल्या परदेशी लोकांना १८ आकड्यांचं नवं कार्ड देऊ लागले आहेत. पण ती परवानगी मिळणारे थोडेच.

पैशांचं कोडं फिरायला येणाऱ्यांसाठी बरंच सुटलं आहे. २०२३पासून अलीपे आणि वीचॅटला परदेशी बँकांची कार्डं जोडता येतात. मुक्काम करणाऱ्याला मात्र स्थानिक खातं आणि त्याच्याशी जोडलेला फोन नंबर लागतोच. तो नंबर जिवापाड जपावा. नवं सिमकार्ड घेताना डिसेंबर २०१९पासून चेहऱ्याचीही पडताळणी होते.

आणि सगळ्यात पहिलं काम पोलिसांकडचं. हॉटेलात उतरलात तर नोंद हॉटेलवाले करतात. कोणाच्या घरी किंवा भाड्याच्या घरात उतरलात, तर २४ तासांत तिथल्या पोलिस ठाण्यात मुक्कामाची नोंद करावी लागते. चुकल्यास २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. घरभाड्याचा करार, घरमालकाच्या कागदांची प्रत आणि पासपोर्ट घेऊन मी गेले, तेव्हा पोटात गोळा आला होता. दहा मिनिटांत शिक्क्याचा कागद हातात पडला. पुढे निवास परवान्यापासून सगळीकडे तोच मागतात.

ही झाली कागदावरची बाजू. शहरात जीव रमला तो एका शब्दामुळे.

घर दाखवणाऱ्या दलालाने पहिल्या दिवशी फाटकाजवळच्या एका बाईंना हाक मारली, ‘आयी!’ मी दचकून पाहिलं. कानाला थेट ‘आई’, आणि अर्थ मावशी. आईची बहीण तर मावशी खरीच, पण घरकामाला येणारी बाई, भाजीवाली, शेजारीण, या सगळ्या तिथे ‘आयी’. आपण नाही का कामाच्या बाईंना मावशी म्हणत? इंग्रजीत सगळ्यांची एकच आंटी होते. चिनीत मात्र मामा वेगळा, काका वेगळा, आत्या वेगळी आणि मावशी वेगळी. लिफ्टमध्ये शेजारच्या सुनेने आपल्या लेकराला माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, ‘आयी म्हण.’ सव्वीस अक्षरांची कटकट त्या पोराने दोन अक्षरांत मिटवली.

भाजीबाजारात तर मी माहेरी आल्यासारखी रमायचे. दोडका, कारली, आलं, मुळे, आणि उन्हाळ्यात लाल माठाच्या जुड्या. तो माठ तिथेही लसणावर परततात आणि त्याच्या लाल पाण्याने भात रंगतो. पहिल्यांदा ते ताट पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आपली भाजीवाली चार काड्या कोथिंबीर वर टाकते, तशी तिथली आयी पातीचा कांदा पिशवीत सरकवते. त्याचे पैसे घेत नाही. तूरडाळ आणि कढीपत्ता मात्र तिथे नाही. त्यासाठी भारतीय दुकान गाठावं लागतं.

शाकाहारी माणसाने एक बारकावा लक्षात ठेवावा. ‘मांस नको’ म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा फक्त डुकराचं मांस येतं. भाजीत कोळंबी किंवा कोंबडीचं पाणी तरीही पडू शकतं. म्हणायचं ते ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे. या ‘सू’ला तिथे धर्माचं वजन आहे. बौद्ध घरांतले वडीलधारे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी हे व्रत पाळतात. काटेकोर पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात. शांघायमधलं गोंगदलिन हे शाकाहारी उपाहारगृह १९२२ सालचं आहे. चिनी चांद्र पंचांगात आपल्यासारखा अधिक महिनाही येतो. २०२०मध्ये आपला आश्विन दोनदा आला, त्यांचा चौथा महिना. हे भाजीवाल्या आयीला सांगितलं, तर तिने शेजारच्या गाळेवालीला बोलावून पुन्हा सांगायला लावलं.

हिवाळा कठीण. सार्वजनिक हीटिंग छिनलिंग डोंगर आणि हुआय नदी यांच्या उत्तरेला असतं; शांघाय दक्षिणेला. जानेवारीत घरातही जाड जाकीट अंगावरून उतरत नाही.

कचऱ्याचे नियम मी त्या फाटकावरच्या आयीकडून शिकले. १ जुलै २०१९पासून शांघायमध्ये कचरा चार प्रकारांत वेगळा करणं सक्तीचं झालं: ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. टाकायच्या वेळाही ठरलेल्या. ओला कचरा डब्यात रिता करायचा आणि पिशवी सुक्यात टाकायची. पहिल्याच आठवड्यात मी नारळाची करवंटी ओल्या डब्यात टाकली. आयीने हातमोजा घालून ती बाहेर काढली, माझ्यासमोर डब्यावर ठोकली. टणक आवाज आला. ‘कान,’ ती म्हणाली. कान म्हणजे सुका. तो धडा मी विसरले नाही.

त्याच आयीचं मोल २०२२मध्ये कळलं. कोविडमुळे एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून आमचा भाग बंद झाला, तो १ जूनपर्यंत. दुकानं मिटली, फोनवरून सामान येईना. मग इमारतींच्या वीचॅट गटांवर सामूहिक खरेदी सुरू झाली. चाळीस-पन्नास घरांनी मिळून मागणी नोंदवायची, तेव्हा कुठे अंड्यांचे ट्रे आणि कोबीची पोती यायची. गटात सगळ्यांनी नावाऐवजी घराचा क्रमांक लावला होता. मी झाले ‘६०२’. चिनी संदेश धडाधड यायचे, मी ते भाषांतर करून वाचेपर्यंत यादी बंद व्हायची. दुसऱ्या आठवड्यात आयीने गटात लिहिलं: ‘६०२ मांस खात नाही. तिच्यासाठी टोफू आणि पालेभाजी धरा.’ त्यानंतर यादीत माझ्या नावाचा टोफू आधीच नोंदलेला असे. त्या दोन महिन्यांत मी एकदाही उपाशी झोपले नाही, ते त्या एका ओळीमुळे.

तुमच्या घरातलं कोणी शिकायला किंवा नोकरीला चीनमध्ये निघालं असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा. उतरल्यापासून २४ तासांत मुक्कामाची नोंद कर. बँकेत तुझं नाव ज्या क्रमाने आणि जितक्या जागा सोडून भरलं असेल, त्याचा फोटो काढून ठेव आणि इतरत्रही हुबेहूब तसंच भर. आणि पहिल्याच आठवड्यात फाटकावरच्या आयीशी ओळख करून घे, जेवलात का म्हणून विचार. ‘छ्र ल मा?’ एवढंच म्हणायचं असतं.