ग्रॅव्हल सायकलवाले चांगला रस्ता सोडून पाणंदीत का शिरतात?

भोर : सुट्टीच्या दिवशी सकाळी भाटघरच्या कडेनं किंवा मांढरदेवीच्या घाटात हेल्मेट घातलेले सायकलवाले दिसले, तर आता कोणी वळून बघत नाही. पण यातली काही मंडळी डांबरी रस्ता सोडून मुद्दाम पाणंदीत वळतात, मुरमाच्या चढावर सायकल रेटतात. रस्ता चुकले काय, असं बघणाऱ्याला वाटतं. ते चुकलेले नसतात, त्यांना तोच रस्ता हवा असतो. या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी-मुरूम.

ही सायकल लांबून रेसच्या सायकलीसारखी दिसते, हँडलही खाली वाकलेलं असतं. फरक टायरमध्ये आहे. रेसच्या सायकलीचा टायर साधारण 25 ते 28 मिलिमीटर रुंद असतो, हिचा 35 ते 50 मिलिमीटर. डिस्क ब्रेक असतात आणि चढासाठी हलके गिअर. बऱ्याच जणांच्या टायरात ट्यूबच नसते. आत एक पातळ द्रव घातलेला असतो, बाभळीचा काटा घुसला तरी तो भोक आतून बुजवतो. खडीवर चालवताना हवा थोडी कमी ठेवतात. ट्रॅक्टरवाल्याला हे समजावायला नको. मऊ रानात टायरची हवा कमी केली की चाक जमीन धरतं, तोच हिशोब इथं आहे.

हा नाद जगात दोन ठिकाणांमुळे जास्त गाजला. एक अमेरिकेतलं कॅन्सस राज्य. तिथल्या फ्लिंट हिल्स भागात गवताळ टेकड्या आणि मैलोन् मैल खडीचे रस्ते आहेत. एम्पोरिया या छोट्या शहरातून 2006 पासून तिथं 200 मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरची शर्यत होते. दुसरं ठिकाण इटलीतला तोस्काना प्रांत. द्राक्षमळ्यांमधून जाणारे तिथले पांढऱ्या खडीचे रस्ते एकामागून एक डांबराखाली जायला लागले होते. ते वाचावेत म्हणून 1997 मध्ये गायोले या गावात जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. पुढं 2007 पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत होऊ लागली आणि ती सिएना शहराच्या चौकात संपते. ज्या रस्त्याला मागास म्हणायचे, तोच त्या भागाची ओळख झाला.

आता आपल्याकडे बघू. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून डोंगराचे फाटे पूर्वेकडे उतरतात आणि दर दोन फाट्यांमध्ये एक नदी आहे. उत्तरेकडून धरलं तर गुंजवणी, मग वेळवंडी, मग नीरा, आणि मांढरदेवीचा डोंगर ओलांडला की वाईची कृष्णा. म्हणजे एक खोरं चढायचं, खिंड ओलांडायची आणि दुसऱ्यात उतरायचं. सायकलवाल्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. वेळवंडीच्या खोऱ्यात भाटघरच्या पाण्याकडेनं वर गेलं की राजगडाच्या अळू दरवाजाखाली भुतोंडे लागतं. भोरहून महाडकडं जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या कडेनं वरंध घाटाकडं चढतो. आंबाडे, मांढरदेवी करत वाईला उतरणारी वाट तिसरी. हे मोठे रस्ते डांबरी आहेत. खरी मजा त्यांना जोडणाऱ्या वाड्या-वस्त्यांच्या वाटांवर आहे. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी हटलं की कांबरे गावचं कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं, तेव्हा तिकडंही लोक जातात. मात्र वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओला असतो आणि गाळपेराच्या रानातून सायकल घालणं म्हणजे कुणाचं तरी पीक तुडवणं.

जमिनीचा पोत इथं महत्त्वाचा. मुरूम म्हणजे काळा पाषाण कुजून झालेली भुरभुरीत खडी. पाणी मारून रोलर फिरवला की तो घट्ट बसतो, बैलगाडीलाही चालतो आणि सायकललाही. नुसता डंपर ओतून बिल काढलेला मुरूम श्रावण संपायच्या आत ओढ्याला जातो, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. काळ्या रानातली वाट पावसात चाकाला लाडू बांधते, तिथं सायकल खांद्यावरच घ्यावी लागते. म्हणून यांचा हंगाम पाऊस उघडल्यावर सुरू होतो आणि होळीपर्यंत चांगला चालतो. पावसाळ्यात वरंध घाटाला दरडींचा धोका असतो, तिकडं जाऊच नये.

काही जण विचारतात, शहरातल्या हौसेसाठी आम्ही चिखलात राहायचं काय? अजिबात नाही. ऊस बाहेर काढायला, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला पक्का रस्ता लागतोच. प्रश्न वेगळा आहे. कित्येक पाणंदी डांबराखाली गेलेल्या नाहीत, त्या नांगराखाली गेल्यात. दरवर्षी बांध एक तास पुढं सरकतो आणि गाडीवाटेची पायवाट होते. सायकलवाला मोबाईलवर उपग्रहाचं चित्र किंवा जुना नकाशा बघून वाट आखतो. नकाशात वाट आणि जागेवर हरभरा, असं झालं की तो बांधावरून नाहीतर पिकातून निघतो आणि वाद होतो. त्याच वाटेनं मागच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टरही अडलेला असतो, पण त्याची कोणी चर्चा करत नाही.

कायद्यात यातला फरक स्पष्ट आहे. गाव नकाशात दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेली गाडीवाट आणि एकेरी तुटक रेषेची पायवाट या वहिवाटीच्या वाटा आहेत, तिथून सायकलवाला जाऊ शकतो. बांधावरचा रस्ता वेगळा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदार तो देतात, पण तो ज्याला शेतात जायला वाट नाही त्या शेतकऱ्यासाठी असतो. तिथून पाहुण्यानं विचारूनच जावं. नाही म्हटलं तर मागं फिरावं. उघडलेलं फाटक परत लावणं, जनावरं समोर आली की पाय टेकून थांबणं, वस्तीवर कुत्री असतील तर उतरून चालणं, एवढं पाळलं तर कुणी कुणाला आडवं येत नाही. गावानंही सायकलवाल्याला पाण्याची टाकी कुठं आणि पुढं ओढ्यावर फरशी आहे का, एवढं सांगितलं तरी बरंच काम होतं. चहा-पोहे, पिठलं-भाकरी विकणाऱ्या घराला त्यातून दोन पैसेही मिळतात. फार मोठा धंदा होईल या भ्रमात मात्र राहू नये.

आपल्या पाणंदीचं काय झालंय हे बघायचं असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढावी. चालू वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडं दावा करता येतो. तो अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, त्यामुळं पुढच्या पेरणीची वाट बघू नये. आणि मोबाईलवरच्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वाट चुकीची दाखवली असेल, तर ती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. खातं उघडून गावातला कोणताही पोरगा-पोरगी ते करू शकते.