दूरस्थ दंतपरीक्षण : काय दिसते, काय सुटते

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपणां सर्वांस परिचित आहे. दातांची छायाचित्रे दूरच्या दंतवैद्यांकडे पाठवून त्यांचे मत घेण्याची पद्धत, म्हणजेच टेलिडेंटिस्ट्री, अमेरिकन सैन्यदलाने १९९४ मध्ये प्रयोगादाखल अवलंबिली. आज तेच काम खिशातील भ्रमणध्वनीने होते. या पद्धतीत प्रश्न पूर्णपणे व दर्शन काही अंशी साधते. स्पर्शन मात्र सुटते. हा भेद ध्यानी ठेवूनच तिचा उपयोग करावा, असे आम्हांस वाटते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कृमिदन्तकाची लक्षणे सांगताना दाताचा काळेपणा, छिद्र, हलणे, स्राव, शोथ आणि अकारण उठणारी तीव्र वेदना यांचा निर्देश केला आहे. यांपैकी काळेपणा, छिद्र व बराचसा शोथ छायाचित्रात दिसतो. वेदना विचारून कळते. दात हलतो किंवा नाही, हे हात लावल्याखेरीज निश्चित होत नाही.

आधुनिक शास्त्रानुसार मुखातील जीवाणू गोड व पिष्टमय अन्नापासून आम्ल निर्माण करतात आणि त्यामुळे दाताच्या इनॅमलमधील खनिजे विरघळतात. आरंभी खडूसारखा पांढरा डाग पडतो. लाळेने ओल्या दातावर तो बहुधा दिसत नाही, दात कोरडा केल्यावर उमटतो. याच अवस्थेत स्वच्छता व फ्लोराइड यांनी क्षय थोपविता येतो. दोन दाढांमधील फटीत लागलेली कीड छायाचित्रात सहसा येत नाही; तिच्यासाठी क्ष-किरण चित्र लागते. उलटपक्षी मिश्री, तंबाखू वा सुपारीचे काळे डाग किडीसारखे भासतात. तात्पर्य, छायाचित्रात छिद्र दिसल्यास रुग्णास त्वरेने दंतवैद्यांकडे पाठवावे. न दिसल्यास दात निरोगी असल्याचा निर्वाळा मात्र देऊ नये.

छायाचित्रे घेताना पुढील क्रम ठेवावा. रुग्णास चूळ भरावयास सांगून स्वच्छ गॉजने दात टिपून घ्यावेत. चमच्याच्या दांड्याने गाल बाजूस सारावा. समोरून, उजवीकडून, डावीकडून, तसेच वरच्या व खालच्या दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग, अशी पाच छायाचित्रे पुरेशा उजेडात काढावीत. सोबत वय, वेदनेचा काळ, थंड-गरम पदार्थांनी होणारा ठणका, रात्री झोपमोड होते काय, मधुमेह आणि चालू औषधे यांची नोंद पाठवावी.

औषधालयाच्या चालकांस येथे विशेष सांगणे आहे. लवंगतेल वा वेदनाशामक गोळी घेऊन ठणका थांबला की रुग्ण परत फिरकत नाही. परंतु दाताच्या आतील मगज मृत झाल्यानेही वेदना शमते आणि संसर्ग मुळाशी पसरत राहतो. म्हणून वेदनाशमन हे रोगशमन नव्हे, हे ग्राहकास औषध देतानाच सांगावे. चेहऱ्यावर सूज, ज्वर, तोंड न उघडणे, गिळण्यास वा श्वासास त्रास, यांपैकी काही आढळल्यास छायाचित्रांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार रुग्णाने स्वतः सल्ला मागितल्यास त्याची संमती गृहीत धरली जाते. आरोग्यसेवक वा चिकित्सकाने पुढाकार घेतल्यास स्पष्ट संमती आवश्यक ठरते. आपण छायाचित्रे पाठविणार असल्यास ती संमती घेऊन तिची नोंद ठेवावी आणि काम झाल्यावर छायाचित्रे इतरांच्या हाती पडणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

ज्या गावी दंतवैद्य नाहीत, तेथे वैद्य व औषधविक्रेता हेच रुग्णाचे पहिले आश्रयस्थान असतात. त्यांनी वेळेवर धाडलेल्या पाच छायाचित्रांनी एखादी दाढ उपटण्यापासून वाचू शकते. मात्र छायाचित्र हे रुग्णास दंतवैद्यांच्या खुर्चीपर्यंत नेणारे साधन आहे. ते त्या खुर्चीची जागा घेऊ शकत नाही.