ठेका आणि रेघ

१९५१ साली ‘अलबेला’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातले ‘शोला जो भडके’ हे गाणे आजही लागले, की पाय आपोआप हलतात. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे, नाच भगवानदादांचा. माणसे आपलीच; पण ठेका? त्यात बोंगो वाजतो. बोंगो म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन लहान ढोलक्या. त्या आल्या दूरच्या क्यूबा बेटातून.

क्यूबात उसाचे मोठमोठे मळे होते. तेथे राबवायला आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून नेली. १८८६ साली तेथली गुलामगिरी संपली. पण त्या माणसांनी जपलेला ढोलाचा ताल संपला नाही. स्पॅनिश गाण्यांशी त्याची मिसळ झाली आणि हवाना, मातांझास या शहरांतल्या कष्टकरी वस्त्यांत रुंबा घडला. ढोल नसला तर लोक लाकडी खोकी बडवत. क्लावे म्हणजे आपल्या टिपऱ्यांसारख्या दोन दांड्या. मराका म्हणजे वाळक्या फळाच्या कवचात बिया घालून केलेला खुळखुळा. यात परके ते काय?

दसरा झाला, की आपल्या जालना जिल्ह्यातूनही बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. उसाच्या फडातला घाम काय असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून तो ठेका ऐकताना नाचावे जरूर. पण तो कोणाच्या हातांनी घडला, हेही आठवावे.

आता दुसरी गोष्ट. त्याच १९५१ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आर. के. लक्ष्मण यांची व्यंगचित्राची रोजची छोटी चौकट सुरू झाली. तिच्यात एक म्हातारा दिसे. धोतर, चौकड्यांचा कोट, चष्मा. पुढारी बोलत, साहेब बोलत. हा मात्र गप्प उभा राहून सारे पाही. वाचक आधी हसे आणि मग म्हणे, ‘अरे, हा तर मीच!’

गाणे आणि चित्र यांचे नाते जुने आहे. मेक्सिकोत होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) हा चित्रकार स्वस्त छापील कागदांवर हसरे सांगाडे काढी. अनेक कागदांवर चित्राखाली पोवाड्यासारखे गाणेही असे. श्रीमंत असो की गरीब, कातडीखाली सांगाडा एकच, हा त्यातला टोला. आपल्या शेजारच्या पैठणचे एकनाथमहाराज भारुडातून हेच करीत: आधी हसवायचे, मग डोळे उघडायचे.

शिक्षक बंधू-भगिनींनो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. वर्तमानपत्रातले व्यंगचित्र घ्या, खालची ओळ झाका आणि मुलांना विचारा: कोण उभा आहे? कोण खुर्चीत आहे? आणि हसू नेमके कोणाला येते आहे? टँकरपाशी घागर घेऊन ताटकळणाऱ्या बाईला हसणारे चित्र वेगळे आणि तिला ताटकळत ठेवणाऱ्या कारभाराला हसणारे चित्र वेगळे. हा फरक ज्या मुलाला कळला, त्याला वर्तमानपत्र वाचता आले म्हणायचे.

करमणूक हलकी असते, असे कोणी म्हणाले तर रागावू नका. बोंगो वाजवून दाखवा, चित्र पुढे ठेवा. आणि आपणही हसता हसता जरा थांबून पाहा, की त्या हसण्यामागे कोण उभे आहे.